स्टीमवरच्या रिव्ह्यूंचा रिव्ह्यू: अंगठ्यापेक्षा तास बघा

गेमचे रिव्ह्यू तर सगळेच लिहितात, मला आज त्या रिव्ह्यूंवरच लिहायचंय. स्टीम म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गेमचं ऑनलाइन दुकान, तिथे कुठल्याही गेमचं पान उघडा, ट्रेलर, स्क्रीनशॉट सगळं सोडून सरळ खाली जा, तिथे खेळणाऱ्यांनी जे काय लिहून ठेवलेलं असतं ना, ते माझ्या मते त्या अख्ख्या दुकानातलं सगळ्यात भारी प्रकरण आहे. आणि गेम विकत न घेता फुकटात वाचता येतं.

स्टीम २००३ पासून आहे पण हे युजर रिव्ह्यू आले २०१३ च्या शेवटी. पद्धत एकदम सोपी, अंगठा वर नाहीतर अंगठा खाली. स्टार नाहीत, दहापैकी साडेसात वगैरे भानगड नाही. गेम तुमच्या लायब्ररीत पाहिजे आणि थोडा का होईना खेळलेला पाहिजे, त्याशिवाय लिहूच देत नाही. बऱ्याच जणांना हे फार ढोबळ वाटतं, मला मात्र पटतं, कारण साडेसात देऊन माणूस अंग काढून घेतो, इथे तसं चालत नाही, घे म्हणायचं की नको म्हणायचं ते ठरवावंच लागतं.

आता एक रिव्ह्यू नीट जवळून बघा. वर अंगठा. शेजारी तास, म्हणजे एकूण किती खेळला आणि रिव्ह्यू लिहिला तेव्हा किती तास झाले होते. गेम फुकट मिळालेला असेल तर तसं सांगितलेलं. मग मजकूर, आणि तळाला प्रश्न की उपयोगी पडला का, त्याला हो, नाही आणि फनी अशी तीन बटणं. ह्या सगळ्यात जीव आहे तो तासांमध्ये. "ठीक आहे, वेळ जातो" एवढंच वाक्य आणि बाजूला १,४०० तास, ह्यापुढे चार पानी समीक्षा काय करणार सांगा! तेच वाक्य दीड तासाच्या शेजारी असेल तर त्याचा अर्थच वेगळा होतो. लिहिणाऱ्याने काही केलेलं नसतं, आकडाच सगळं बोलतो.

आणि हे दोन आकडे एकत्र वाचायची सवय लावून घ्या, खरंच. समजा एकाने अंगठा खाली दिलाय, लिहिताना ६०० तास होते आणि आज ६०४ आहेत. म्हणजे गडी खरंच सोडून गेलाय, त्याचं म्हणणं गंभीरपणे घ्या. दुसऱ्याने पण अंगठा खाली दिलाय, लिहिताना ३०० आणि आज १,९००. त्याचा राग एखाद्या अपडेटवर होता, ते भांडण कधीच मिटलंय, रिव्ह्यू बदलायचा तेवढा राहिलाय. एवढी माहिती एका ओळीत दुसरीकडे कुठे मिळते?

दोन हजार तास खेळून "घेऊ नका" लिहिणाऱ्यांची लोकं फार खिल्ली उडवतात, एवढं खेळलास आणि वर नावं ठेवतोस वगैरे. मला हे अजिबात पटत नाही. ऑनलाइन गेम कायम बदलत असतो, बॅलन्स, म्हणजे कोण किती ताकदवान ते, बदलतो, गेममधल्या दुकानात नवीन नवीन स्किन, म्हणजे पात्रांचे-हत्यारांचे पोशाख, विकायला येतात, चीटर वाढतात, मॅच मिळायला वेळ लागायला लागतो, आणि हे नेमकं कधी आणि कशामुळे बिघडलं हे त्या दोन हजार तासवाल्यालाच माहीत असतं, पहिल्या आठवड्यात खेळून लेख लिहिणाऱ्याला ते कुठून कळणार. त्याचं प्रेम होतं म्हणून तो एवढा चिडलाय.

उलट दोन तासांच्या आतले निगेटिव्ह जरा बेतानेच घ्या. स्टीमचा रिफंडचा नियम आहे, घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत, त्यामुळे १.८ तासवाले बरेच जण गेम परत करून निघून गेलेले असणार. गेम क्रॅश होतो, कंट्रोलर चालत नाही ह्या गोष्टींसाठी ते रिव्ह्यू सोन्यासारखे आहेत. पण हळूहळू रंगणारा स्ट्रॅटेजी गेम असेल तर दोन तासांत ट्यूटोरियल पण धड संपत नाही.

आता जोक. ऑगस्ट २०२४ मध्ये स्टीमने उपयोगी रिव्ह्यू वर आणायची पद्धत बदलली, एका शब्दाचे रिव्ह्यू, मीम, अक्षरांनी काढलेली चित्रं हे सगळं मागे ढकलायला सुरुवात केली. बरंचसं बरोबरच झालं. ते मांजराचं चित्र, जाता जाता कुरवाळा आणि अंगठा द्या म्हणणारं, दर गेमखाली तेच मांजर. तो चौकोनांमध्ये टिक करायचा भलामोठा फॉर्म, ग्राफिक्स कसे, स्टोरी कशी, बटाट्यावर, म्हणजे जुन्या रडक्या मशीनवर, चालतो की नासाचा कॉम्प्युटर लागतो. आणि ती बापाची गोष्ट, मुलगा बोलत नव्हता, ह्या गेममुळे बोलायला लागला, तीच गोष्ट शब्दन् शब्द शंभर गेमखाली चिकटवलेली, खाली लोक अवॉर्ड देतायत. हे गेलं ते उत्तम झालं, ह्यात त्या गेमबद्दल एक अक्षर नसतं.

पण खरा एका ओळीचा जोक ही वेगळी चीज आहे आणि त्याची मला मनापासून किंमत वाटते. मासेमारीच्या गेमखाली कोणी लिहितो, "मासे तीन, मनःशांती भरपूर", मला त्या गेमचा वेग कळला, मूड कळला, कोणासाठी आहे ते कळलं. हॉरर गेमखाली "दार उघडायच्या आधी आईला फोन केला" असेल तर तो घाबरवतो हे सिद्धच झालं ना. असा जोक खेळल्याशिवाय सुचत नाही, आणि म्हणून तो माहितीच आहे. नशीब की रिव्ह्यूच्या फिल्टरमध्ये फनी असा वेगळा पर्याय आहे, तो लावून वाचत बसा, तासभर कुठे जातो कळत नाही.

किती टक्के लोकांनी अंगठा वर दिला त्यावरून स्टीम गेमला लेबल लावतं, ते निळी-लाल लेबलं प्रकरण मात्र मला खटकतं. ७० टक्क्यांच्या खाली गेलं की गेमला मिक्स्ड म्हणतात, आणि मिक्स्ड म्हटलं की लोक पुढे बघतच नाहीत. अहो, ६८ टक्के म्हणजे तीनातल्या जवळपास दोघांनी घे म्हणून सांगितलंय! टक्का किती जणांना आवडला ते सांगतो, किती आवडला ते सांगत नाही. सगळ्यांना बरा वाटणारा गेम ९० ला जातो आणि थोड्यांना वेड लावणारा ६५ वर अडकून बसतो, माझे कितीतरी लाडके गेम त्या पासष्टवाल्यांतलेच.

रिव्ह्यू बॉम्बिंग, म्हणजे रागाच्या भरात झुंडीने अंगठे खाली देणं, ह्याबद्दल लोक नेहमी नाक मुरडतात, पण मे २०२४ चं हेलडायव्हर्स २ ह्या गेमचं प्रकरण आठवा. पीसीवाल्यांनाही प्लेस्टेशनचं अकाउंट जोडणं सक्तीचं करणार असं गेम काढणाऱ्या सोनीने जाहीर केलं, कित्येक देशांत तर ते अकाउंट काढताच येत नाही, आणि दोन-तीन दिवसांत दोन लाखांच्या वर निगेटिव्ह रिव्ह्यू पडले. सोनीने निर्णय मागे घेतला! मग त्यातल्याच बऱ्याच लोकांनी परत जाऊन आपले अंगठे वर केले, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. स्टीम २०१७ पासून ह्या सगळ्याचा आलेख दाखवतं, कुठल्या दिवशी लाल खांब उगवला ते दिसतं, आणि २०१९ पासून गेमशी संबंध नसलेला दंगा असेल तर तो काळ स्कोअरमधून वगळतात, रिव्ह्यू मात्र तिथेच राहतात. लपवालपवी न करता दाखवून टाकायचं, हे फार चांगलं धोरण आहे. नो मॅन्स स्काय ह्या गेमचा आलेख तर बघाच, २०१६ मध्ये सगळं लालेलाल, मग वर्षानुवर्षं फुकट अपडेट देत देत २०२४ च्या नोव्हेंबरात एकूण रेटिंग व्हेरी पॉझिटिव्हवर पोचलं. आठ वर्षांची मेहनत एका चित्रात.

थोडक्यात माझा अंगठा वर. गेम घेताना फक्त एवढं करा, फिल्टरमध्ये निगेटिव्ह निवडा, खेळलेले तास जरा जास्त ठेवा, अलीकडचे रिव्ह्यू आधी लावा आणि पहिले दहा-बारा वाचून काढा. कोणी म्हणेल फार अवघड आहे, कोणी म्हणेल सारखं वाचावं लागतं, कोणी म्हणेल काहीच सांगत नाही, सगळं आपणच शोधायचं. ज्या गोष्टीची त्यांची तक्रार आहे तीच तुम्हाला आवडत असेल, तर डोळे झाकून घेऊन टाका.