द्राक्षाचा चोथा आणि पहाटेची एसटी: विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाचे चौदा महिने

विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे दोन तक्रारी आहेत. त्या दूर व्हाव्यात एवढंच वाटतं, कुणाचं नाव खराब व्हावं असं नाही.

मी नाशिकमधल्या एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात पीएचडी करते. विषय आपल्या मातीतलाच आहे. वायनरीत रस काढल्यावर उरणारा द्राक्षाचा चोथा घ्यायचा आणि त्यातून रेस्व्हेराट्रॉल हे द्राक्षाच्या सालीतलं रसायन वेगळं करायचं. हंगामात दिंडोरी, विंचूरकडे या चोथ्याचे ढीगच्या ढीग पडलेले असतात. आमच्या कॉलेजात द्रावक उडवून टाकणारा रोटाव्हेपर आहे, यूव्ही आणि आयआर ही तपासणीची साधी यंत्रं आहेत. रेणूची रचना दाखवणारं एनएमआर आणि रेणूचं वस्तुमान मोजणारं मास ही मोठी यंत्रं नाहीत. त्यामुळे गेले चौदा महिने दर दीड-दोन महिन्यांनी ठक्कर बाजारवरून पहाटेची एसटी पकडायची आणि विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग गाठायचा, असं चाललंय. बाहेरच्या कॉलेजांच्या मुलांना तिथे काय मिळतं, कसं मिळतं, हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर बरंच सोपं गेलं असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एनएमआर. पहिल्या खेपेला फॉर्मवर लिहिलं होतं की सॅम्पल विरघळवून, ट्यूबमध्ये भरूनच द्यावं. मी आठ मिलिग्रॅम घेतलं, ०.६ मिली डीएमएसओ-डी६ या एनएमआरसाठीच्या खास द्रावकात विरघळवलं आणि नेऊन दिलं. काउंटरवर ट्यूब घेतली, नंबराची चिठ्ठी लावली आणि खिडकीजवळच्या स्टँडवर ठेवली. त्या आठवड्यात मशीनमध्ये द्रवरूप हेलियम भरायचं होतं, त्यामुळे काम बंद. माझा नंबर तिसऱ्या दिवशी लागला. हे आधी कळलं असतं तर मी ट्यूब ठेवून आलेच नसते. मी नाशिकला परतले होते आणि ट्यूब तीन दिवस उन्हात.

चौथ्या दिवशी ऑपरेटर दादांचा फोन आला. “ताई, तुमचं कंपाउंड एकच आहे ना? मला इथे दोन दिसतायत.” मी म्हटलं, टीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे ठिपके होऊन दिसतात त्या चाचणीत, एकच ठिपका होता. मग त्यांनी फोनवरच आकडे वाचले. दुहेरी बंधावरच्या दोन हायड्रोजनचं कपलिंग, म्हणजे एकमेकांच्या परिणामाने फुटलेल्या रेषांमधलं अंतर, एका जोडीत १६ हर्ट्झच्या आसपास, आणि शेजारी लहानशी दुसरी जोडी, ती १२ ची. १६ म्हणजे ट्रान्स, १२ म्हणजे सिस, त्याच रेणूची दुहेरी बंधाभोवती वेगळ्या मांडणीची दोन रूपं. ट्रान्स-रेस्व्हेराट्रॉलच्या द्रावणावर ऊन पडलं की त्यातलं काही सिस होतं. हे मला वाचून ठाऊक होतं, कॉलेजात मी सगळे फ्लास्क फॉइलमध्ये गुंडाळूनच ठेवायचे. पण ट्यूब हातातून सुटली आणि ते डोक्यातूनही सुटलं.

त्या माणसाने स्पेक्ट्रम मेल करून बिल लावलं असतं तरी ते नियमात बसलं असतं. मी मात्र सॅम्पल अशुद्ध आहे असं समजून महिनाभर शुद्धीकरणाचा सिलिका कॉलम पुन्हा पुन्हा चालवत बसले असते. चार महिन्यांच्या चोथ्यातून जेमतेम चाळीस मिलिग्रॅम हाती आलं होतं, ते त्यातच संपलं असतं. माझ्या दृष्टीने या विभागाची सर्वांत मोठी सेवा हीच. तिथे कागद हातात देण्याआधी कुणीतरी तो वाचतं.

पुढच्या खेपेला मी कोरडं सॅम्पल तपकिरी वायलमध्ये, वरून फॉइल लावून नेलं आणि नंबर आल्यावर तिथेच विरघळवलं. या वेळी एकच जोडी, १६ हर्ट्झची. मासमध्ये रेस्व्हेराट्रॉलसाठी अपेक्षित २२९.०८५९ च्या जागी पीक बरोबर आलं. आनंद एवढा झाला की येताना बसमध्ये तो कागद मी चार वेळा काढून पाहिला. आणखी एक गोष्ट मनापासून आवडली. फॉर्ममध्ये “प्रकाश, हवा किंवा ओलाव्याने बिघडतं का?” असा रकाना टाकावा, असं मी विभागाला लिहून दिलं होतं. तीन महिन्यांनी गेले तर छापील फॉर्मवर तो रकाना होता.

नव्याने जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सॅम्पल व्हॅक्यूमखाली नीट वाळवून न्या. इथाइल अॅसिटेट हा द्रावक राहिला तर डीएमएसओमधल्या एनएमआरमध्ये १.१७, १.९९ आणि ४.०३ पीपीएमला हजेरी लावतो आणि नेमकं महत्त्वाचं काही झाकतो. द्रावणात तरंगणारे कण असतील तर पिपेटमध्ये कापसाचा बोळा घालून गाळून घ्या, नाहीतर रेषा जाड येतात आणि दोष मशीनला दिला जातो. यंत्रं कुठे कुठे उपलब्ध आहेत हे शोधायला आय-स्टेम हे सरकारी पोर्टल आहे, तिथे देशभरातल्या सुविधा पाहता येतात. पण पहिल्यांदा शक्यतो स्वतः जा. ओळख झाली की फोनवर निम्मी कामं होतात.

सेमिनार आठवड्यातून एक असतो आणि बाहेरच्यांना खुला असतो. ऑनलाइन लिंकही देतात, पण आवाज इतका तुटतो की नाशिकमध्ये बसून ऐकायचा प्रयत्न मी सोडून दिला. सॅम्पलची तारीख आता सेमिनारच्या दिवशीच मागून घेते. तिथली एक पद्धत फार चांगली आहे. प्रश्न आधी विद्यार्थ्यांनी विचारायचे, मग प्राध्यापकांनी. पहिले दोन महिने मी गप्प बसले. तिसऱ्या महिन्यात विषय होता विकिरणाने, म्हणजे किरणांचा मारा करून, शेतमाल टिकवण्याचा, आणि वक्त्यांनी लासलगावचं नाव घेतलं तेव्हा राहवेना.

लासलगावचं कृषक केंद्र भाभा अणु संशोधन केंद्राने २००२ साली उभारलं. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण, आणि कांद्याला कोंब फुटू नये म्हणून साधारण ६० ते ९० ग्रे एवढीच मात्रा. २००७ मध्ये अमेरिकेला गेलेला आंबाही तिथूनच विकिरण करून गेला. निफाडला माझे मामा कांदा करतात. “हा कांदा खाल्ला की अंगात किरण जातात का गं?” असं त्यांनी मला कितीदा विचारलंय, आणि मला धड उत्तर देता आलं नव्हतं. तोच प्रश्न मी त्यांच्या शब्दांत विचारला. उत्तर मिळालं की कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ एमईव्ही असते. कांद्यातल्या अणूंच्या केंद्रकात बदल घडवून त्याला किरणोत्सारी करायला ती पुरत नाही. कोंब फुटण्यासाठी ज्या पेशींचं विभाजन व्हावं लागतं, त्यांच्या डीएनएला मात्र ती इजा करते. त्या रात्री मामांना फोन करून सांगितलं. नंतर चहाच्या वेळी वक्ते स्वतः जवळ आले आणि माझ्या चोथ्याबद्दल विचारत अर्धा तास बोलले.

बाकीचे सेमिनार कमी-जास्त. धातू-सेंद्रिय जाळ्यांवर २०२५ चं नोबेल जाहीर झालं त्यानंतरचा चांगला होता. काही निव्वळ स्लाइड वाचून दाखवणारे.

आता फेलोशिप. विभागातले जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळालेले संशोधक दर शनिवारी, ती ज्या परीक्षेतून मिळते त्या नेटची तयारी करून घेतात, पैसे न घेता. सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेच्या नेटमधला केमिकल सायन्सेसचा पेपर २०० गुणांचा. त्यातल्या सी भागात ६० प्रश्नांपैकी २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण, चुकलं की चौथा हिस्सा वजा. त्या मुलांनी माझ्याकडून एकच सवय पक्की करून घेतली. आधी सगळे ६० वाचायचे, आपले २५ निवडायचे, मगच पेन उचलायचं. दुसऱ्या प्रयत्नात जेआरएफ मिळाली आणि मी तासिका तत्त्वावरचं शिकवणं सोडलं. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिराती आल्या की फलकावर मोठ्या अक्षरात लावतात, तेही खेड्यातून येणाऱ्या मुलांच्या फार उपयोगी पडतं.

माझ्या कॉलेजात माझ्याआधी कुणाला जेआरएफ नव्हती, त्यामुळे कार्यालयाला कागदपत्रांची माहिती नव्हती. विभागातल्या एका काकांनी नमुना फाइल दिली. रुजू अहवाल, घरभाड्याचं प्रमाणपत्र, प्रगती अहवाल, सगळं होतं. पण ती फाइल जुनी होती. मासिक रक्कम ३१,००० लिहिलेली. १ जानेवारी २०२३ पासून ती ३७,००० झाली आहे, हे तिथे कुणी बदललंच नव्हतं. मी भाबडेपणाने नमुना उतरवला, बिल परत आलं, दोन महिने हातात पैसा नाही. घरी मी एकटी कमावती नाही म्हणून निभावलं, सगळ्यांचं निभत नाही. दोन वर्षांनी एसआरएफसाठी, म्हणजे पुढच्या वरिष्ठ फेलोशिपसाठी, तीन जणांच्या समितीपुढे काम मांडावं लागतं, त्यात एक तज्ज्ञ बाहेरचा असतो. त्याचा नमुनाही तपासून द्या, अशी काकांना लेखी विनंती केली आहे.

दुसरी तक्रार वरच्या ट्यूबचीच. मशीन बंद असण्याच्या तारखा विभागाच्या दारावर लावतात. नाशिक, नगर, जळगावच्या मुलांना दार दिसत नाही. बुकिंग केलेल्यांना साधा एक मेसेज गेला तरी एसटीचे पैसे आणि दिवस दोन्ही वाचतील.

येत्या मंगळवारी पुन्हा नंबर आहे. या वेळी आमच्या कॉलेजातल्या एमएस्सीच्या दोन मुली सोबत येणार आहेत. एनएमआर त्यांनी फक्त पुस्तकात पाहिलाय. ट्यूब चुंबकात सोडताना त्यांना जवळ उभं राहू द्याल का, असं ऑपरेटर दादांना विचारलं. म्हणाले, “या की. मोबाइल, घड्याळ आणि केसांच्या पिना तेवढ्या बाहेर काढून ठेवायला सांगा.”