रॉड निळा आणि रिपोर्ट पांढऱ्या दाण्यांचा: ३,८६,४०० रुपयांची फसवणूक

एका विक्रेत्याने ‘फूड ग्रेड’, म्हणजे अन्नाला लागायला सुरक्षित, म्हणून विकलेल्या भंगार प्लॅस्टिकच्या रॉडना मी ३,८६,४०० रुपये मोजले. साठ टक्के आगाऊ, म्हणजे २,३१,८४० ऑर्डरबरोबर. उरलेले १,५४,५६० माल गाडीत चढण्याआधी. पुढचं नुकसान वेगळंच. प्रयोगशाळेची फी ४१,३००. सगळे भाग नव्याने करून बसवायला ५,९४,०००. ग्राहकाने बिलातून कापले २,७५,०००. बेरीज १२,९६,७०० रुपये. हे आकडे लिहिताना आजही हात थरथरतो, पण लिहितो, कारण तो विक्रेता अजून धंदा करतोय आणि पुढचं गिऱ्हाईक तुम्ही असू शकता.

मी खाद्यप्रक्रियेची यंत्रं बनवतो. या ऑर्डरमध्ये गरम, तेलकट मालाचं मिक्सर होतं. त्याचे स्क्रेपर (भांड्याला चिकटलेला माल खरवडणाऱ्या पट्ट्या) आणि बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या) निळ्या ॲसिटालच्या, म्हणजे एका कडक प्लॅस्टिकच्या, रॉडमधून करायचे ठरले. निळा रंग अशासाठी, की खायच्या पदार्थात तो सहसा नसतो. कड तुटून तुकडा मालात पडला तर डोळ्यांना दिसतो. ॲसिटाल अशासाठी, की ते पाणी फारसं पीत नाही. नायलॉन पितं, फुगतं आणि बुश शाफ्टवर आवळून बसतो. म्हणजे निवड विचार करूनच केली होती. मी आंधळेपणाने काही घेतलं, असं कुणी म्हणू नये.

कागद तर विक्रेत्याने ढीगभर दिले. लेटरहेडवर माल अन्नाच्या नियमांत बसतो असं घोषणापत्र, अन्नाला चालतं असं सांगणारं ग्लास आणि काट्याचं चिन्ह, ‘एफडीए ॲप्रूव्हड’ असा गोल शिक्का, आणि एका खऱ्या प्रयोगशाळेचा खरा रिपोर्ट. शिक्क्याचं आधी सांगतो. एफडीए, म्हणजे अमेरिकेची अन्न आणि औषध नियंत्रण संस्था, तुमच्याआमच्या रॉडला प्रमाणपत्र देत बसत नाही. ॲसिटालचे दोन प्रकार असतात. कोपॉलिमरसाठी अमेरिकेच्या नियमसंग्रहात २१ सीएफआर १७७.२४७० हे कलम आहे, होमोपॉलिमरसाठी १७७.२४८०. त्यात घटक आणि मर्यादा दिल्या आहेत, आणि आपला माल त्यात बसतो हे उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर लिहून द्यायचं असतं. शिक्का दाखवणाऱ्याला कलम विचारा. तिथेच निम्मे गळतील.

आता तो रिपोर्ट. दुसऱ्या पानावर, तक्त्याच्या वर, एक ओळ होती: नमुन्याचं वर्णन, पांढरे दाणे. मी मागवलेला माल निळा रॉड. ती ओळ मी वाचली होती. वाचून थांबलोही होतो. फोन लावून विचारलं, तर म्हणाला, “साहेब, कच्चा माल पांढराच असतो. रंग नंतर मिसळतात. दाणा पास म्हणजे रॉड पास.” हे इतक्या सहज बोलला, आणि त्यातली पहिली दोन वाक्यं बहुतेक वेळा खरीही असतात. दाणा सहसा पांढराच असतो, रंग नंतर मिसळतात. म्हणूनच तर दाण्याचा रिपोर्ट रॉडला लागू होत नाही! रंगाचा मास्टरबॅच, म्हणजे दाण्यात मिसळायचा दाट रंग, कुठला, दाणा वितळवून रॉड ओढताना त्यात जुना दळलेला माल किती टाकला, आधी त्याच मशीनमधून काय काढलं होतं, यातलं काहीच दाण्याच्या रिपोर्टमध्ये नसतं. रात्री झोप लागत नाही तेव्हा तीच ओळ डोळ्यांसमोर येते. पांढरे दाणे. दोन शब्द, आणि त्यांत सगळी लबाडी उघडी पडलेली होती.

या चाचणीत प्लॅस्टिक अन्नाऐवजी एका द्रावणात ठेवतात आणि त्यातून द्रावणात किती उतरतं ते मोजतात. त्याच रिपोर्टमध्ये चाचणीचं द्रावण होतं ३ टक्के ॲसेटिक ॲसिड, तापमान ४० अंश, मुदत १० दिवस. ही चाचणी खोटी नाही. आंबट मालासाठी, साध्या तापमानाला ती चालते. माझ्या मिक्सरमधला माल तेलकट आणि उकळत्या पाण्याइतका गरम. अन्नाला लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या युरोपच्या १०/२०११ नियमात तेलकट मालासाठी वनस्पती तेलाचं द्रावण वेगळं सांगितलंय, आणि वारंवार वापरायच्या भागाची चाचणी एकाच नमुन्यावर तीनदा करायची असते. कागदावर ‘पास’ दिसलं की पाठीवर थाप मारू नका. कशात पास, किती अंशाला पास, हे आधी बघा.

मग रॉड लेथवर चढला. टर्नरने बोलावून कापलेला भाग दाखवला: निळ्यात काळे बारीक ठिपके, मध्ये राखाडी रेघ. वासही नेहमीचा नव्हता. मी लगेच फोटो पाठवले. उत्तर आलं, “मास्टरबॅच नीट मिसळला नसेल, दिसायलाच आहे, ताकदीला काही होत नाही.” ग्राहकाची तारीख डोक्यावर, उशीर झाला की दंड, पैसे पूर्ण गेलेले, बाजारात तयार निळा माल दुसरीकडे नाही. अशा वेळी ज्याने कारखाना चालवलाय तोच सांगू शकेल की त्या क्षणी काम थांबवणं किती जणांना परवडतं. माझ्याजागी दुसरा कुणी असता तरी त्याने तेच केलं असतं, असं मी आजही छातीवर हात ठेवून म्हणतो. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. आगाऊ पैसे आणि आवळलेली तारीख, या दोन गोष्टींवरच त्याचा धंदा चालतो.

ग्राहकाच्या ऑडिटरने स्क्रेपर हातात घेतला आणि एकच प्रश्न विचारला: बॅच नंबर? युरोपचा १९३५/२००४ नियम सांगतो की अन्नाला लागणारी वस्तू कुठून आली याचा माग काढता आला पाहिजे. रॉडवर काहीही छापलेलं नव्हतं. बिलावर नुसतं ‘ब्लू रॉड’. नमुना प्रयोगशाळेत गेला. वनस्पती तेल, १०० अंश, दोन तास. प्लॅस्टिकमधून तेलात उतरण्याची मर्यादा दर चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम. आमच्या स्क्रेपरमधून तिसऱ्या फेरीतही उतरले २७. इन्फ्रारेड तपासणीत ॲसिटालसोबत नायलॉन निघालं. म्हणजे ओळख नसलेला जुना माल दळून, निळा रंग घालून ओढलेला. लोकांच्या पोटात जाणाऱ्या मालाला हे घासत होतं! पैशांपेक्षा या गोष्टीचा संताप जास्त येतो.

आणि मग सुरू झाली दाद मागण्याची कथा. पोलीस ठाण्यात सांगितलं, माल मिळालाय ना, मग ही दिवाणी बाब आहे. मी म्हटलं, साहेब, सोनं म्हणून पितळ विकलं तर तीही दिवाणीच का? उत्तर नाही, फक्त अर्ज ठेवून जा. अन्नसुरक्षेच्या कार्यालयात ऐकलं की आम्ही पदार्थाचे नमुने घेतो, यंत्राचे सुटे भाग आमच्याकडे येत नाहीत. पदार्थाला रात्रंदिवस घासणारा भाग कुणाकडे येतो मग? त्यावर शेजारच्या टेबलाकडे बोट. ग्राहक तक्रारीच्या ठिकाणी सांगितलं, धंद्यासाठी घेतलेली वस्तू, तुम्ही ग्राहक नाही. ज्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट त्याने वापरला तिने एवढंच लिहून दिलं की हा अहवाल दुसऱ्याच कंपनीच्या नमुन्याचा आहे, अधिक माहिती त्या कंपनीच्या परवानगीशिवाय देता येणार नाही. त्यांच्या नावाचा कागद बाजारात फिरतोय, आणि चौकशी करावीशीसुद्धा कुणाला वाटत नाही! कागद खोटा नाही म्हणून गुन्हा नाही, माल दिला म्हणून फसवणूक नाही, आणि मी धंदेवाला म्हणून माझं नुकसान हे नुकसान नाही. प्रत्येक ठिकाणी मीच आरोपी असल्यासारखं विचारलं, “तुम्ही आधी तपासलं नाही का?” चोरी झालेल्या माणसाला कुलपाचा हिशेब मागायचा आणि चोराला चहा पाजायचा, ही कुठली रीत?

घोषणापत्र तयार रॉडचं किंवा शीटचं मागा, रंगासकट. त्यात तुमचा खाद्यपदार्थ, तुमचं तापमान, संपर्काचा वेळ लिहिलेला हवा. ‘सर्व प्रकारच्या अन्नासाठी योग्य’ एवढंच असेल तर परत पाठवा. काळ्या मालाबद्दल दुप्पट सावध राहा, काळ्या रंगात काहीही लपतं. पदार्थात पडलेला साध्या प्लॅस्टिकचा तुकडा मेटल डिटेक्टरला दिसत नाही. दिसणारा ग्रेड वेगळा येतो आणि त्याचंही घोषणापत्र वेगळं मागावं लागतं. छोटा तुकडा पाण्यात टाका: पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, ॲसिटाल बुडतं. पण नायलॉनही बुडतं, म्हणून एवढ्यावर माल पास करू नका. घोषणापत्रावर तुमच्याच बॅचचा नंबर दिसल्याशिवाय बाकीची रक्कम सोडू नका, तो कितीही गोड बोलला तरी.

आणि रॉड कापण्याआधी प्रत्येक बॅचचा फूटभर तुकडा पिशवीत घालून, वर डिलिव्हरी चलानाचा नंबर आणि दोघांच्या सह्या घेऊन बाजूला ठेवा. माझ्याकडचे सगळे रॉड कापून झाले होते. वकील म्हणाले, लेथवरून उतरलेला भाग त्याच्याच मालाचा आहे हे तो कोर्टात नाकारणार. त्याने नोटिशीच्या उत्तरात नेमकं तेच लिहिलंय.