एनके पेशी: नाळेच्या रक्तातून वाढवाव्या की सरळ हातातून रक्त घ्यावं?

कॉलेज रोडला चहा पिताना भाचीने विचारलं, मावशी, एमएस्सीच्या प्रोजेक्टला एनके, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या नॅचरल किलर पांढऱ्या पेशी हव्यात, यातलं काय घेऊ?

वेळेचं म्हणशील तर हातातलं रक्त. फायकॉल नावाच्या जड द्रवावर अलगद सोडायचं, सेंट्रिफ्यूज फिरवलं की मधे पांढुरकी कडी येते, त्यातूनच एनके वेगळ्या काढायच्या, एका दिवसाचं काम. नाळेच्या रक्तातल्या सीडी३४ (पेशीच्या पृष्ठभागावरची एक खूण) वाल्या मूळपेशींपासून सुरू केलंस तर चार-पाच आठवडे सायटोकाइन, म्हणजे पेशींना वाढायचा निरोप देणारी प्रथिनं, घालत बसायचं, आणि त्यातलं आयएल-१५ काही स्वस्त मिळत नाही बरं का. वर बाळंतपण तुझ्या टाइमटेबलने थोडंच होणारे!

पण खरी गंमत तिथेच आहे. हातातल्या रक्तात साधारण ९० टक्के एनके सीडी५६ ही एनकेंवरची खूण कमी असलेल्या, म्हणजे पार तयार झालेल्या, त्यांचं बालपण कुठून दिसणार? नाळेवाल्यात सीडी३४ जातं, सीडी५६ येतं, ते आठवड्यागणिक फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या यंत्रावर, दिसतं. अर्थात बोन मॅरो, लिम्फ नोडमधे होतं तसंच्या तसं डिशमधे होत नाही.

तर कॅन्सरच्या पेशी मारतात का एवढंच बघायचंय नि सबमिशन जवळ आलंय तर हातातलं रक्त बास. एनके येतात कुठून हाच प्रश्न असेल आणि गाइडकडे ग्रँट असेल तर नाळ. एथिक्स कमिटीचा अर्ज मात्र आधी टाक, तो दोन्हीला लागतो.