जुन्या घराचे सिमेंटचे पत्रे बदलताना २,१०,००० रुपयांना फसवलं गेलो

दापोली तालुक्यात जुनं घर घेतलं. किंमत २३,५०,०००, वर एजंटाचे ४७,०००. मधलं घर कौलारू, पण पडवी आणि न्हाणीवर जुने सिमेंटचे पत्रे, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. ते फुटले की बारीक तंतू उडतात, फुप्फुसात रुततात आणि कॅन्सरसारखा रोग कळायला २०-३० वर्षं जातात. नातवंडं सुट्टीत येणार, म्हणून आधी तेच काम काढलं. ठेकेदार एजंटानेच आणला. जुने पत्रे काढून तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या प्रकल्पात पोचवायचे ६८,००० आणि बिगर-अ‍ॅस्बेस्टॉस पत्रे घालायचे १,४२,०००. १,५०,००० बँकेतून दिले, ६०,००० रोख. रोखीची पावती आजवर मिळालेली नाही. रोख देऊच नका!

ती संध्याकाळ आठवली की अजून डोकं फिरतं. पत्रे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरले, ट्रॅक्टर गेला आणि तासाभरात रिकामा परत आला. तळोजा इथून दीडशे किलोमीटरच्या वर आहे! मी तिथेच विचारलं. "काका, मोठी गाडी नाक्यावर लागलीय, तिच्यात चढवून आलो." कोणालाही पटेल असंच उत्तर. वर शिक्का, सही, नंबर असलेला विल्हेवाटीचा दाखला हातात दिला. खोटा असेल अशी शंका तरी का यावी?

पहिल्या मोठ्या पावसात मागच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, तुकडे उघडे पडले. करडे, तुटल्या कडेला कापसासारखे धागे, एका बाजूला आमच्या पडवीचा निळा रंग. मग शिडी लावून नवे पत्रे तपासले. छाप होता आयएस ४५९, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्याच पत्र्यांचा मानक क्रमांक. विष काढायचे पैसे घेऊन नवं विष डोक्यावर चढवलं! हे पत्रे आपल्याकडे आजही राजरोस विकले जातात. छाप वाचल्याशिवाय एकही पत्रा वर चढू देऊ नका.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला, कोर्टात जा. ग्रामपंचायत म्हणाली, पऱ्या आमच्याकडे नाही, तहसीलला विचारा. तहसीलवाल्यांनी अर्ज घेतला, पोच द्यायला खळखळ केली. प्रदूषण बघणाऱ्या कार्यालयातले साहेब म्हणाले, "आम्ही कारखाने बघतो, घरं नाही." अहो, २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम मग कोणी राबवायचे? त्या पऱ्याचं पाणी खाली गावाच्या विहिरींकडे जातं, याचं कोणालाच काही नाही. दाखला खोटा आहे हे लेखी द्यायलाही कोणी तयार नाही.

पत्रे ओले करून, बोल्ट सोडवून अख्खे उतरवायचे असतात. हातोडा दिसला की काम थांबवा. दाखल्यावरचा नंबर पैसे देण्याआधी प्रकल्पात फोन करून पडताळा. एजंटाने आणलेला ठेकेदार नको. हाच माणूस आता शेजारच्या गावात दुसऱ्या घराचं काम धरतोय असं कळलंय. कचऱ्याच्या गाडीबरोबर मी स्वतः येणार, हे ठेकेदाराला आधीच सांगा. टाळाटाळ केली तर एक रुपयासुद्धा हातावर ठेवू नका.