डायलवाली हँड ग्रिपर, एक महागडी ग्रिपर आणि दोन इंची पाइप : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

एके दिवशी ग्रिपरची डायल 60 वर न्यायला गेलो, तर ती कट्-कट् न वाजता नुसतीच फिरत राहिली. आतले प्लास्टिकचे दाते झिजून गेले होते. ही तीच 5 ते 60 किलोची, मुठीत धरून दाबायची दोन दांड्यांची स्प्रिंगवाली ग्रिपर, ऑनलाइन साडेतीनशे-चारशेला मिळते, डोक्यावर मोजणी करणारा काउंटर असतो आणि जिममधल्या दर दुसऱ्या पोराच्या बॅगेत सापडते. त्यामुळे तिचं वर्णन करत बसत नाही. दिवाळीच्या सेलमध्ये घेतली आणि आठवड्यातून दोन-तीनदा नेमाने वापरली. एकदाही पडली नाही, पाण्यात भिजली नाही.

वॉरंटी एक वर्षाची. तक्रार केली, त्यांनी व्हिडिओ मागितला, पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं की सर्वात वरच्या लेव्हलवर सतत वापर केल्यामुळे झीज झाली आहे, ती वॉरंटीत बसत नाही. मी विचारलं, 60 आकडा तुम्हीच छापलाय ना, मग तिथे वापरायची नाही तर कुठे वापरायची? त्यावर पुढच्या खरेदीला दहा टक्के सवलतीचं कूपन आलं. कूपन वापरलेलं नाही आणि वापरणार नाही. साडेतीनशे रुपये लहान रक्कम आहे म्हणून लोक असल्या गोष्टी सोडून देतात आणि कंपन्या त्याच भरवशावर चालतात. याची मला मनापासून चीड आहे.

दाते एक वेळ सोडून देतो. पण तो आकडा मला सोडवत नाही.

60 किलो म्हणजे काय? कुठे मोजलेले? कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओळखीचे एक लेथवाले मामा आहेत. मोडण्याच्या महिनाभर आधीच मी ग्रिपर त्यांच्याकडे घेऊन गेलो होतो. एक दांडी बेंच व्हाइसमध्ये आडवी आवळली, दुसऱ्या दांडीच्या अगदी टोकाला रुंद पट्टा अडकवला आणि त्याला एकेक प्लेट लावत गेलो, दोन्ही दांड्या टेकेपर्यंत. डायल 40 वर असताना 19 किलोला टेकल्या. 50 वर 22 किलोला. 60 वर 24 किलोला. म्हणजे डायलवर वीस आकडे वर गेलो आणि हाताला फरक पडला पाच किलोचा. एका मित्राने त्याच कंपनीची नवी कोरी घेतली होती, तीही लावून बघितली. 60 वर 27 किलो. माझी काही महिन्यांत तीन किलोंनी ढिली पडली होती आणि मी समजत होतो की माझी ताकद वाढतेय.

यामागचं कारण साधं आहे. डायल फिरवली की स्प्रिंगचं टोक दांडीवर सरकतं, बिजागरीपासूनचं अंतर बदलतं आणि तरफेचा हिशोब बदलतो. शिवाय वजन दांडीच्या टोकाला लावलं तर एक आकडा येतो, वर बिजागरीजवळ लावलं तर त्याच्या दुप्पटही येऊ शकतो. करंगळीशी मोजायचं की तर्जनीशी, हे खोक्यावर लिहिलेलंच नसतं. बिजागरी प्लास्टिकमध्ये बसवलेली असल्याने ती हळूहळू वाकते आणि सगळंच सैल होतं. ज्यांना ऑपरेशननंतर हात हलता ठेवायचाय, किंवा दिवसभर टायपिंग करून बोटं आखडतात, त्यांना ही ग्रिपर चालेल. वजन उचलणाऱ्याने घेऊ नये.

मग पैसे साठवून आयर्नमाइंड कंपनीच्या कॅप्टन्स ऑफ क्रश मालिकेतल्या दोन ग्रिपर मागवल्या, ट्रेनर आणि नंबर 1. एकेकीला जवळपास तीन हजार पडले. आमच्या घरात एवढ्या पैशात महिन्याचं दूध येतं, त्यामुळे खोकं उघडताना आई समोर उभी होती. ॲल्युमिनियमच्या दांड्या, त्यांवर खरबरीत नर्लिंग (पकडीसाठी कोरलेले खाचे), वर पोलादी टॉर्शन स्प्रिंग. डायल नाही, काउंटर नाही, मोडण्यासारखं काहीच नाही. पहिल्या दोन आठवड्यांत तळव्याची कातडी सोलून निघाली. नंतर घट्टे पडले आणि त्रास थांबला.

ट्रेनरवर कंपनी 100 पौंड सांगते, नंबर 1 ला 140, नंबर 2 ला 195, नंबर 3 ला 280 आणि नंबर 4 ला 365. मामांच्या व्हाइसवर माझी नंबर 1 साधारण 35 किलोला टेकली. 140 पौंड म्हणजे 63 किलोंच्या वर, तेव्हा आकडा इथेही टोकाशी मोजलेल्याच्या दुपटीच्या घरातच आहे. मग हिच्यावर राग का नाही? कारण ही जागची हलत नाही. पावसाळ्यापूर्वी मोजली तेव्हा जेवढी होती, दसऱ्यानंतरही तेवढीच भरली. आज दोन मिलिमीटर फट राहिली आणि पुढच्या महिन्यात ती मिटली, तर ती माझ्या हाताने मिटवली हे नक्की. नंबर 3 पहिल्यांदा रिचर्ड सोरिन यांनी 1991 मध्ये बंद केली, म्हणजे दोन्ही दांड्या टेकेपर्यंत दाबली. नंबर 4 बंद करणारे पहिले जो किनी, 1998 मध्ये. त्याच वर्षी जगातला सर्वात ताकदवान माणूस ठरलेला स्वीडनचा मॅग्नस सॅम्युएलसन, त्यानेही पुढे नंबर 4 मिटवली. नंबर 1 वर झगडताना ही नावं आठवली की अंगावर काटा येतो.

इथपर्यंत लिहिलं असतं तर हा अनुभव इथेच संपला असता, तीन हजार खर्च करा म्हणून. पण नंबर 1 स्वच्छ बंद व्हायला लागली तरी डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजनाचा बार धरून सरळ उभं राहणं) जिथल्या तिथेच होती. 160 किलोला दोन्ही तळवे आपल्याकडे ठेवून धरलं की दुसऱ्या रेपला, म्हणजे दुसऱ्यांदा उचलताना, उजव्या हाताची बोटं उघडायचीच. पाठ तयार, पाय तयार, आणि बार घसरतोय. ज्याने हे भोगलंय त्याला माहीत आहे किती जीव जळतो.

यावर बराच विचार केला. ग्रिपर सर्वात जड कधी असते? शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला, मूठ पूर्ण मिटत आली की. बारवर बोटं तेवढी मिटतच नाहीत, मध्ये 28-29 मिलिमीटरची सळई असते. तिथे काही दाबायचं नसतं, उघडणारी बोटं अडवून धरायची असतात. आणि ताकद ज्या कोनात कमावली त्याच कोनाच्या आसपास जास्त कामी येते. शिवाय ग्रिपर दाबताना अंगठा जवळजवळ रिकामा बसतो. बारवर मात्र बोटांना कुलूप घालायचं काम अंगठ्याचं. म्हणून ग्रिपरबद्दलचं माझं मत बदललं. ती मुठीचा उत्तम व्यायाम आहे आणि तिच्यात स्वतःचा आनंद आहे. पण बार सुटतोय म्हणून ग्रिपर घेणाऱ्याने आधी बारच धरायला शिकावं.

स्ट्रॅप (मनगटाला अडकवून बारभोवती गुंडाळायचा पट्टा) बांध की, असा सल्ला जिममध्ये लगेच मिळतो. स्ट्राँगमन स्पर्धांत डेडलिफ्टला स्ट्रॅप चालतात. एडी हॉलने 2016 मध्ये 500 किलो आणि हाफ्थोर ब्योर्नसनने 2020 मध्ये 501 किलो उचलले तेही स्ट्रॅप बांधूनच, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण पॉवरलिफ्टिंगमध्ये स्ट्रॅप चालत नाहीत, आणि स्ट्राँगमनमध्येसुद्धा फार्मर्स वॉकला (दोन हातांत दोन वजनं घेऊन चालायला) सहसा आपलाच हात असतो. मला हातच हवा होता.

आमच्या गल्लीतल्या तालमीतल्या वस्तादांनी एकदा सहज माझं मनगट धरलं होतं. कुस्तीच्या सुरुवातीच्या खडाखडीत धरतात तसं. सोडवून घ्यायला मी जोर लावला, तर त्यांची बोटं जराही हलली नाहीत आणि ते दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत राहिले. वय साठीच्या पुढे. मी विचारलं, वस्ताद, हे कशानं आलं? म्हणाले, "हौद खोदलाय, दोर चढलोय आणि पैलवानांची मनगटं धरलीत. जाड धरायचं बघ बाळा. बारीक कुणालाबी धरता येतंय." हौद म्हणजे तालमीतला मातीचा आखाडा.

जाड धरायचं! थॉमस इंच या इंग्रज ताकदवीराचं डंबेल याच तत्त्वावर उभं आहे. वजन 172 पौंड, म्हणजे 78 किलो. एवढं वजन एका हाताने उचलणारे शेकड्यांनी मिळतील. पण त्याची मूठ साठेक मिलिमीटर जाड, बोटांवर अंगठा चढत नाही, आणि दोन्ही बाजूंचे गोळे जमीन सोडताच फिरायला लागतात व बोटं उघडून टाकतात. भले भले तिथे थांबले. आयर्नमाइंडची रोलिंग थंडर ही फिरती मूठ याच जाडीची आहे. पण पुन्हा आयात, पुन्हा कस्टम ड्यूटी, पुन्हा आई.

इथे मामांनी माझे पैसे वाचवले. दोन इंची म्हणून जी पाइप विकली जाते तिचा बाहेरचा व्यास 60.3 मिलिमीटर असतो, कारण दोन इंच हे नाव आतल्या भोकाच्या हिशोबाचं आहे. म्हणजे मला हवी ती जाडी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात पडून होती! मामा म्हणाले, "एवढी जाड मूठ कशापायी? हातात बसायची न्हाई." म्हटलं, मामा, बसू नये म्हणूनच पाहिजे. त्यांनी थोडा वेळ पाइप हातात धरून बघितली, मग पाच इंचांचा तुकडा कापला, आत दोन्ही टोकांना नायलॉनचे बूश (आतल्या रिंगा) बसवले, मधून ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत पोलादी सळई, घातला, खाली साखळी आणि प्लेट अडकवायची पिन वेल्ड केली. सगळं मिळून साडेआठशे रुपये, मजुरीसकट.

सहा महिन्यांहून जास्त झाले, ही मूठ अजून जशीच्या तशी आहे. पहिल्या दिवशी 40 किलोला हातातून निसटली होती. आता उजव्या हाताने 67 किलो सुटतात जमिनीवरून, डावा 62 वर अडलाय. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डेडलिफ्ट. आठवड्यातून दोनदा ही मूठ, आणि डेडलिफ्टच्या दिवशी शेवटी 130-140 किलो दोन्ही तळवे आपल्याकडे ठेवून दहा-पंधरा सेकंद नुसतं धरून उभं राहणं, एवढंच केलं. 160 चे तीन रेप आता हातात राहतात. पहिल्यांदा ते राहिले तेव्हा बार खाली ठेवून मी खरोखर ओरडलो.

काळजीच्या दोन गोष्टी आहेत. मुठीला रंग देऊ नका आणि गॅल्व्हनाइज्ड पाइप घेऊ नका, दोन्ही गुळगुळीत होतात. साधी काळी पाइप घ्या, तिचं वरचं काळं वार्निश पॉलिश पेपरने उतरवा. कोल्हापूरच्या पावसात गंज चढतो, तो वायर ब्रशने झाडायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा. तेल चुकूनही लावायचं नाही. चॉक (हाताचा घाम शोषणारी पांढरी भुकटी) मात्र हवाच. बऱ्याच जिममध्ये फरशी खराब होते म्हणून चॉकला बंदी असते, आणि तिथल्या बारचं नर्लिंगही घासून गुळगुळीत झालेलं असतं. अशा ठिकाणी लिक्विड चॉक नेऊन बघा. माझ्या जिमवाल्यांनी तेवढं चालवून घेतलं.

दुसरी गोष्ट कोपराची. ग्रिपर रोज दाबण्याचा मोह फार होतो, टीव्ही बघतानाही हात चालू राहतो. बोटं मिटणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात आणि त्यांचा बराच ताण कोपराच्या आतल्या हाडाशी जातो. तिथे दुखायला लागलं की महिनेच्या महिने पाठ सोडत नाही. मला सुरुवात होतेय असं वाटल्याबरोबर ग्रिपर आठवड्यात दोनदाच ठेवली आणि उलट दिशेचा व्यायाम वाढवला. जुनी सायकलची ट्यूब अर्ध्या इंचाच्या पट्ट्यांत कापली, पाचही बोटांभोवती घातली आणि बोटं बाहेर उघडत राहिलो. पंक्चरच्या दुकानात ट्यूब फुकट मिळते. जोडीला बादलीत पाच किलो रेशनचा तांदूळ, त्यात हात खुपसून मूठ उघडायची, मिटायची, मनगट फिरवायचं. कोपर सुटलं.

तेव्हा माझा हिशोब असा. डायलवाली घेऊ नका, फुकट मिळाली तरी तिच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तीन हजार हातात असतील आणि ग्रिपर बंद करणं हेच ध्येय असेल, तर कॅप्टन्स ऑफ क्रश घ्या आणि पहिल्यांदा ट्रेनरच घ्या, थेट नंबर 2 वर उडी नको. बार हातातून सुटत असेल तर आधी साडेआठशेची मूठ करून घ्या.

आता मामांकडे पुढचं काम टाकलंय, जाड बार. त्यासाठी दीड इंची पाइप लागते, तिचा बाहेरचा व्यास 48.3 मिलिमीटर, आणि 50 मिलिमीटर भोकाच्या ऑलिंपिक प्लेटा तिच्यावर अलगद सरकतात. सी क्लास घ्यायची, लाल पट्ट्याची, तिची भिंत 4 मिलिमीटर जाड असते. मीटरला साधारण 4.4 किलो वजन भरतं, म्हणजे दोन मीटरचा बार नऊ किलोंच्या आत. प्लेटा मधल्या बाजूला सरकू नयेत म्हणून बारवर दोन रिंगा वेल्ड करायच्या. 150 किलोपर्यंत लावायला हरकत नाही, फक्त उंचावरून आपटायचा नाही. कुणाला करून घ्यायचा असेल तर लेथवाल्याला हीच मापं सांगा आणि कापलेली टोकं फाइल मारून बोथट करून घ्या, नाहीतर प्लेट चढवताना बोट कापतं.