आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिनच्या गोळ्या: औषध जबरदस्त, पण दुसऱ्या डोसची वेळ सांभाळा

दादा गडचिरोलीतल्या एटापल्लीकडे रोडच्या कामावर असतो, दिवाळीला सगळे नागपूरला आले अन् तो आणि माझी पुतणी दोघंही तापाने फणफणले, दोन-दोन चादरी टाकल्या तरी हुडहुडी थांबेना. रक्त तपासलं तर दोघांनाही फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात धोकादायक प्रकार. डॉक्टरांनी ही कॉम्बिनेशनची गोळी लिहून दिली, म्हणजे मोठ्या माणसाला आणि लेकराला दोघांनाही देऊन पाहिलेली आहे.

डोस वजनावर असतो. दादाला ८०/४८० ची (म्हणजे ८० मिग्रॅ आर्टिमेथर, ४८० मिग्रॅ ल्युमेफँट्रिन) एक-एक गोळी, एकूण ६. पुतणी १८ किलोची, तिला २०/१२० च्या पाण्यात विरघळणाऱ्या दोन-दोन. पिवळं पाणी होतं अन् कडू लागतं, पोरगी तोंड वाकडं करते पण पिते.

आता मुख्य गोष्ट. मेडिकलवाल्याने सांगितलं, "सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस", बस. अरे बाप्पा, पहिला डोस दुपारी ४ ला दिला तर दुसरा ८ तासांनी म्हणजे रात्री १२ ला द्यायचा असतो, सकाळी नाही! सकाळ-संध्याकाळ ते पुढचे दोन दिवस. हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं म्हणून आम्ही अलार्म लावून दोघांना उठवलं. आणि उपाशीपोटी द्यायची नाही, ल्युमेफँट्रिन तेला-तुपासोबतच अंगात नीट शोषलं जातं, तापात जेवण जात नसेल तर साईचं दूध द्या, आम्ही तेच केलं. पुतणीने एकदा गोळी घेतल्यावर लगेच उलटी केली, डॉक्टर म्हणाले तासाच्या आत उलटी झाली तर पूर्ण डोस परत द्या. मेडिकलवाल्याने मोजून स्ट्रिप कापून दिली होती, त्यामुळे पुढच्या डोसच्या गोळ्या वापरल्या अन् सकाळी परत आणल्या.

दुसऱ्या दिवशीच ताप उतरला, दादा म्हणे आता कशाला गोळ्या. आम्ही ऐकलं नाही. आर्टिमेथर जंतू झपाट्याने मारतं पण काही तासांत अंगातून निघून जातं, उरलेल्यांचा निकाल ल्युमेफँट्रिन कित्येक दिवस रक्तात राहून लावतं, म्हणूनच जोडी. आर्टिमेथर हे आर्टिमिसिनिनपासून बनतं, अन् एकट्या आर्टिमिसिनिन गटातल्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर भारतात २००९ पासून बंदी आहे, जंतू औषधाला दाद देईनासे होऊ नयेत म्हणून. ज्या तू योयो बाईंनी चिनी वनस्पतीतून आर्टिमिसिनिन शोधलं त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं, खरंच उपकार आहेत त्यांचे.

रक्त तपासल्याशिवाय मनाने घेऊ नका. व्हायवॅक्स (मलेरियाचा दुसरा प्रकार) निघाला तर लिव्हरमध्ये दडलेले जंतू हिने जात नाहीत, त्याला प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स लागतो, तोही डॉक्टरांना विचारूनच. गरोदर बाई किंवा हार्टच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. अन् पेशंट बरळत असेल, झटके येत असतील तर गोळीची वाट पाहू नका, सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या, नागपुरात मेयो नाहीतर मेडिकल कॉलेजला, तिथे इंजेक्शनच लागतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो पाकिटासाठी, सगळं बारीक इंग्रजीत, एटापल्लीच्या माणसाने ते कसं वाचावं? डोसच्या वेळा मराठीत मोठ्या अक्षरात छापा ना.