फ्रॉस्ट फ्री की डायरेक्ट कूल? मासे खाणाऱ्या किनाऱ्यावरच्या घरासाठी

गुहागरच्या माझ्या धाकट्या बहिणीचा फ्रीज यंदा मे महिन्यात बंद पडला. दुकानदार तिला दोन दारांचा फ्रॉस्ट फ्री (पंख्याने थंड होणारा, बर्फ न धरणारा) दाखवतोय आणि तो घ्यावा की डायरेक्ट कूल (बिनपंख्याचा, बर्फ जमणारा), हे ती मला विचारतेय, कारण आमच्या घरात दोन्ही नांदून झालेत. हर्णैच्या अलीकडे, खाऱ्या वाऱ्यात आमचं घर. आधी नऊ वर्षं डायरेक्ट कूल होता, मग साडेतीन वर्षं फ्रॉस्ट फ्री, आणि २०२१ च्या दिवाळीपासून पुन्हा एका दाराचा डायरेक्ट कूल. किती लिटर, किती स्टार, हे दुकानात कळतंच. मी लिहितोय ते वापरात काय जाणवलं तेवढंच.

फ्रॉस्ट फ्री घेतला तेव्हा आम्ही सगळेच खूश होतो. बर्फ खरवडायचा नाही, वरचा कप्पा मोठा, भाजी चांगली राहते. पाहुणे आले की आईस्क्रीमचा डबा सरळ मावतो. हे सगळं खरंच आहे आणि आजही मी ते नाकारणार नाही.

पण आमच्याकडे बुधवारी मासे आणि गुरुवारी आईचा उपास. बुधवारी लिलावातून आणलेले बांगडे दुपारी कालवणात जातात. उरलेल्या तुकड्यांना हळद, मीठ, कोकमाचं आगळ लावून, वर ताटली झाकून वाडगा फ्रीजमध्ये, रात्री तळायला. दोनचार तुकडे तरी उरतातच. गुरुवारी सकाळी आईने दूध तापवलं, कप तोंडाला लावला आणि खाली ठेवला. काही बोलली नाही. मी घोट घेतला तर दुधाला बांगड्याचा वास. नासलं नव्हतं, फाटलं नव्हतं, फक्त वास. त्या दिवशी आईने काळा चहा घेतला. पुढच्या आठवड्यात विरजणाला तोच वास, त्यानंतर सोलकढीसाठी काढून ठेवलेल्या नारळाच्या दुधाला.

मेकॅनिकने पॅनल उघडून दाखवलं तेव्हा कारण कळलं. फ्रॉस्ट फ्रीमध्ये थंडावा करणारी कॉइल साधारण एकच असते, वरच्या फ्रीझरच्या मागे. पंखा तिथली हवा वर-खाली फिरवतो आणि तीच हवा परत कॉइलकडे येते. म्हणजे फ्रीझरमधल्या सुरमईचा आणि खालच्या दुधाचा श्वास एकच. डायरेक्ट कूलमध्ये पंखा नसतो. वास तिथेही येतो, नाही असं नाही, पण तो आपल्या आपण पसरतो, त्याला कोणी ढकलत नाही. आमच्या घरात हा फरक दुधाच्या पातेल्याइतका मोठा ठरला.

उपाय केले. कोळशाचे तुकडे ठेवले, लिंबाच्या फोडी ठेवल्या, खायच्या सोड्याची वाटी ठेवली. थोडा फरक पडला. रबराचं झाकण असलेल्या घट्ट डब्यांनी बराच पडला. पण दिवसभर राबणाऱ्या घरात प्रत्येक वेळी मासा डब्यात घालून चारी बाजूंचे खटके लावा, हे होत नाही. ताटली झाकायची सवय पिढ्यांची आहे. फ्रीजने घराशी जुळवून घ्यावं, आईने नव्हे, असं मला वाटलं आणि तिथेच माझं मन फिरलं. वर आणि खाली वेगळी कॉइल असलेले फ्रॉस्ट फ्रीही मिळतात. त्यांत हा त्रास कमी असावा, पण मी वापरलेले नाहीत आणि किंमतही चढी असते.

दुसरी गोष्ट लाईटची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा कुठलाच फ्रीज कामाचा नव्हता. आमच्याकडे अठरा दिवस अंधार होता. १ जूनला मासेमारी बंद होते म्हणून मेअखेरीस साठवलेली सगळी सुरमई दुसऱ्याच दिवशी शेजारीपाजारी वाटावी लागली. तो प्रसंग तुलनेत धरू नये. पण पावसाळ्यात सहा-आठ तास लाईट जाणं नेहमीचं. तेव्हा डायरेक्ट कूलच्या फ्रीझरमध्ये भिंतींना धरलेला बर्फच थंडावा राखतो. दार उघडलं नाही तर पापलेट संध्याकाळपर्यंत दगडासारखं राहतं. फ्रॉस्ट फ्रीचा फ्रीझर कोरडा, तो लवकर सैलावतो असा माझा अनुभव. थर्मामीटर लावून पाहिलेलं नाही, बोटाने दाबून सांगतोय.

बर्फ काढणं हा डायरेक्ट कूलचा खरा त्रास, आणि आपल्या दमट हवेत तो जास्तच. जुलैमध्ये पंधरा दिवसांत बोटभर थर जमतो. रात्री बटण दाबायचं, खाली फडकं टाकायचं, सकाळी ट्रेमधलं पाणी ओतायचं. सुरीने बर्फ काढू नका, हे कळकळीने सांगतो. आमच्या वाडीत एकाने सुरी घातली, फ्रीझरच्या पत्र्याला भोक पडलं, गॅस गेला आणि अख्खा फ्रीज भंगारात. हल्लीच्या बहुतेक फ्रीजमधला गॅस पेट घेणारा असतो, म्हणून तर अजिबात नको.

गंज दोन्हींना सारखाच. तळाची पट्टी आणि दाराच्या बिजागऱ्या आधी जातात. शक्य असेल तर मागे उघडी काळी जाळी (उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळीची) असलेला बघा. ज्यांच्या कुशी गरम लागतात त्यांची ही नळी पत्र्याच्या आत असते. ती खाऱ्या हवेने खाल्ली तर दुरुस्ती अवघड. जाळी मात्र गावातला मेकॅनिकही बदलून देतो.

विजेचं बिल डायरेक्ट कूलचं थोडं कमी येतं. पंखा नाही, बर्फ वितळवणारा हीटर नाही, त्यामुळे ते साहजिकच. पण तेवढ्यासाठी निवड करू नये.

तुम्ही मासे खात नसाल, किंवा घरात सात-आठ माणसं असतील, तर फ्रॉस्ट फ्री घ्या, मी अडवणार नाही. एका दाराच्या फ्रीजमध्ये तेवढ्यांचं मावत नाही. हापूसचा रस डबे भरभरून ठेवणाऱ्यांनाही मोठा फ्रीझर लागतो. आमचा तो जुना फ्रॉस्ट फ्री पुण्याला चुलतभावाकडे गेलाय. त्यांच्याकडे मासे शिजत नाहीत, आणि वहिनी त्याचं कौतुकच करते.

बहिणीच्या घरी चार माणसं, नवरा दाभोळच्या बंदरावरून दर दोन दिवसांनी मासे आणणारा, आणि सासूबाई सोमवार-गुरुवार पाळणाऱ्या. तिला मी डायरेक्ट कूलच सुचवलाय. दुकानात गेलीस की फ्रीझरचं आतलं प्लॅस्टिकचं झाकण चार-पाच वेळा उघडून-मिटून बघ, असंही सांगितलंय. ते घट्ट बसलं पाहिजे, कारण वास तिथूनच बाहेर पडतो आणि तुटतंही आधी तेच. सुटं झाकण चिपळूणला मिळतं का, हे पैसे देण्याआधी विचारून घे म्हटलं. आमच्या पहिल्या फ्रीजचं मिळालं नव्हतं. शेवटची दोन वर्षं आम्ही ते दोरीने बांधून चालवलं.